ब्रेकबाईंचा पाय

ब्रेकबाईंच्या घरच्या गाडीत, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटच्या पायाशी जी रबरी चटई आहे, तिला एक भोक आहे. टाचेचं नाही, चवड्याचं. त्या भोकाखाली ब्रेक नाही आणि कधी नव्हताही. गाडी साधी आहे, चार लोकांची असते तशी. पण नवरा चालवायला बसला आणि लांबवर एखादं मांजर रस्ता ओलांडायच्या नुसत्या विचारात जरी दिसलं, की बाईंचा पाय खाली जायचा. वर्षानुवर्षं जाऊन जाऊन रबर झिजलं, मग फाटलं, आणि आता तिथून गाडीचा पत्रा दिसतो.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, म्हणून गल्लीत ते चष्मेवाले. ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "तिथे ब्रेक नाहीये."

"मला माहीत आहे," बाई म्हणायच्या. "पायाला माहीत नाही."

पायाला माहीत असायचं कारणच नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, आणि बाईंचं निम्मं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलेलं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या आधी शाळेत लागल्या होत्या. वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की वर्गभर मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवण्यापेक्षा एकाच माणसाला, तेही त्याचा जीव टांगणीला असताना शिकवणं फार सोपं. तो लक्ष देतो. शाळा सोडली तेव्हा सासरी चार दिवस कुणी धड बोललं नाही. बाईंना ते चार दिवस फार सुखाचे गेले.

त्यांच्या हाताखालून कोण कोण गेलं म्हणाल, तर एक सर्जन होते, जे माणसाचं पोट निर्धास्त उघडायचे आणि वळण आलं की डोळे मिटायचे. एक नवं जोडपं होतं, त्यांना बाईंनी वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. एकाच गाडीत बसवलं असतं तर लायसन्सच्या आधी काडीमोड झाला असता. पहिल्या दिवशी प्रत्येकाला बाई एकच वाक्य सांगायच्या. शिकाऊ माणूस सीटवर बसायचा, आरशात स्वतःचाच पांढरा पडलेला चेहरा दिसायचा, आणि बाई पुढे बघत अगदी सहज म्हणायच्या, "ब्रेक माझ्याकडे आहे. तू फक्त समोर बघ." एवढं ऐकलं की माणसाचे खांदे खाली यायचे. कसलेल्या सर्जनचेही आले होते.

बाईंची शेवटची शिकाऊ, म्हणजे त्या वेळेपुरती शेवटची, होती एक शिंपीण. पन्नाशी उलटलेली, गोल, हसरी, आणि गाडी चालवायची ती शिलाई मशीनसारखी. पॅडल दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. गाडी रस्त्यावर टाके घालत जायची. तिसरा गिअर टाकायला तिने साफ नकार दिला होता. दुसऱ्यात कसं सगळं आपल्या हातात असतं, असं तिचं म्हणणं. बाईंनी तिचं नाव सेकंडगिअर ठेवलं, आणि तिलाही ते आवडलं.

तर एका स्वच्छ सकाळी, पेट्रोलपंपाच्या वळणावर, सेकंडगिअर असेच टाके घालत असताना बाईंचा जबडा दुखायला लागला. मग डावा खांदा जड झाला, कपाळावर घाम आला. पित्त असेल, असं आधी सगळ्यांना वाटतं तसं त्यांनाही वाटलं. पण पित्ताने सीटबेल्टच्या खाली कुणी गुडघा रोवून बसल्यासारखं होत नाही, हे त्यांना लगेच कळलं. त्या घाबरल्या नाहीत असं लिहिता येईल, पण ते खोटं होईल. चांगल्याच घाबरल्या. फक्त शिकाऊ माणसापुढे आवाज बदलायचा नाही ही सवय भीतीहून जुनी होती.

"आज नवा धडा घेऊ," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या दारात गाडी कशी लावायची."

सेकंडगिअरला वाटलं, हा खरंच धडा आहे. चौकापर्यंत तिला तसंच वाटत होतं. चौकात तिने बाईंकडे एकदा पाहिलं, आणि मग तिने जे केलं ते कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. हॉर्नवर एक हात दाबून धरला तो धरलाच, आणि संपूर्ण शहर दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत पार केलं. इंजिन किंचाळत होतं, हॉर्न किंचाळत होता, लोक आपसूक बाजूला होत होते. बाईंचा पाय सबंध वेळ ब्रेकवर होता आणि त्यांनी तो एकदाही दाबला नाही. हॉस्पिटलच्या दारात, दोन अँब्युलन्सच्या मधल्या फटीत, सेकंडगिअरने आयुष्यात पहिल्यांदा गाडी सरळ लावली. स्ट्रेचरवरून बाई म्हणाल्या, "हँडब्रेक ओढ." तो ओढल्यावर मगच ती रडली.

पुढचं नेहमीसारखं झालं. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, आत स्टेंट बसवला, बाई वाचल्या. पण तेवढ्या वेळात हृदयाच्या एका तुकड्याला रक्त मिळालं नव्हतं, आणि तो तुकडा मेला तो मेला. घरी आल्यावर बाई अत्यंत वाईट पेशंट निघाल्या. नणंद सेवेला म्हणून आली होती, तिला त्यांनी पोळ्या लाटताना डावीकडे वळायला शिकवलं. ती आठवड्याच्या आत परत गेली. खिडकीत बसून त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला मनातल्या मनात नापास करत होत्या. सेकंडगिअरचा फोन यायचा. स्कूलने तिला दुसरा माणूस देऊ केला होता, तिने नाही म्हणून सांगितलं. "तुम्ही याल तोवर मी दुसऱ्यातच आहे," ती म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर बाई खिडकीतल्या गाड्यांना नापास करायचंही विसरायच्या.

कारण त्या येतील की नाही, हे ठरायचं होतं. ठरवणार होती त्यांची डॉक्टरीणबाई. भरभर चालणारी, भरभर बोलणारी, हातात कायम गार झालेली कॉफी. बाईंना ती आवडायची, कारण ती गोड बोलत नसे. तिने समजावलं ते असं. हृदयाचा मेलेला भाग काही परत जिवंत होत नाही. पण त्याच्या कडेला, जिथे जीव अजून धुगधुगतोय, तिथे हृदय स्वतःच केसाहून बारीक नव्या रक्तवाहिन्या फोडायला लागतं. काहींचं पुष्कळ फोडतं, काहींचं आळशी असतं. ही फूट चालू असताना दिसावी म्हणून त्यांचा एक अभ्यास चालला होता. शिरेतून एक औषध द्यायचं, जे जाऊन नेमकं नव्या फुटणाऱ्या वाहिन्यांनाच चिकटतं आणि तिथून अगदी मंद किरण सोडतं. मशीन ते किरण टिपतं आणि चित्र काढतं.

"मोठा रस्ता बंद झाला की लोक कशा गल्ल्या शोधतात..." डॉक्टरीणबाई सांगायला लागली.

"रस्त्यांचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या. "चित्रात उजेड दिसला तर मला गाडीत बसू द्याल का, ते सांगा."

डॉक्टरीणबाईने कॉफीचा कप खाली ठेवला. तिचं उत्तर रोखठोक होतं. हा अजून अभ्यास आहे, नुसत्या चित्रावर परवानगी मिळत नसते. पण कडेला जीव दिसला तर ती बाईंना चालायच्या मशीनवर चढवेल, आणि तिथे छाती दुखली नाही तर गाडीत. कडेला अंधारच असेल तर शिकवणं बंद. स्वतः सावकाश चालवा, भाजी आणा; पण शेजारी बसून दिवसभर दुसऱ्याच्या चुका सांभाळायच्या, हे तशा हृदयाला झेपणार नाही.

बाईंनी एवढंच विचारलं की या वयात आपल्यात नवीन काही उगवत असेल का. डॉक्टरीणबाई म्हणाली, तेच तर बघायचंय.

स्कॅनच्या दिवशी चष्मेवाल्यांनी गाडी काढली. वाटेत बाईंनी भोकातून पत्र्यावर इतक्या वेळा पाय मारला, की हॉस्पिटलात पोचेपर्यंत चष्मेवाले गुणगुणायला लागले होते. ते घाबरले की गुणगुणतात.

मशीन चालवणारा मुलगा उंच, हडकुळा, डोक्यावरचे केस नुकताच शॉक बसल्यासारखे उभे. त्याने "या मावशी" म्हटलं. बाईंनी त्याला आपण त्याच्या आईच्या बहीण नसल्याचं कळवलं. मग तो "बाई" म्हणायला लागला आणि दोघांचं जमलं. औषध टोचून झालं. आता ते अंगभर पसरून जागच्या जागी चिकटेपर्यंत एका छोट्या खोलीत आरामखुर्चीत पडून राहायचं होतं. औषध किरणं सोडतं, म्हणून मुलगा जाड दाराच्या पलीकडे बसला आणि स्पीकरवरून बोलत राहिला. आपण आता किरणं सोडतो या कल्पनेनेच बाईंच्या उत्साहाला भरतं आलं होतं. रात्री दिवा लावायला लागणार नाही का, चष्मेवाल्यांना माझ्या उजेडात पेपर वाचता येईल का, असले प्रश्न त्यांनी विचारले. मुलाने प्रत्येकाचं गंभीरपणे उत्तर दिलं. सगळ्यांचं उत्तर नाही असंच होतं.

मग विषय गाड्यांवर गेला, जाणारच होता. मुलगा रोज बसने यायचा. एकदा मामाने शिकवायला घेतलं होतं, तेव्हा त्याने शेजाऱ्यांची भिंत पाडली. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही.

"मामांनी शिकवू नये," बाई म्हणाल्या. "मामा ओरडतात." आणि पहिल्या दिवशी काय करायचं असतं ते त्यांनी त्याला सांगितलं. माणसाला नियम सांगायचे नाहीत, भिंती दाखवायच्या नाहीत. ब्रेक माझ्याकडे आहे, तू फक्त समोर बघ, एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. मग मुलगा म्हणाला, मामा असं म्हणाला असता तर ती भिंत आज उभी असती.

स्कॅन सुरू झाला आणि बिघडला.

मशीन म्हणजे एक मोठं पांढरं कडं, आणि त्यातून जाणारं अरुंद टेबल. त्यावर उताणं झोपायचं, हात डोक्यावर, अंगावर चादर. टेबल थोडं सरकतं, थांबतं, मशीन टिपून घेतं, पुन्हा थोडं सरकतं. हलायचं नाही, एवढा एकच नियम. बाई हलल्या नाहीत. आणि पडद्यावर जे चित्र आलं ते ओल्या शाईवरून कुणी बाही फिरवावी तसं.

"बाई, हलू नका," स्पीकर म्हणाला.

"मी हलत नाहीये."

"हलताय."

बाईंना शाळा सोडल्यापासून कुणी उलट बोललेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई धावत आली. खोकला येतोय का, श्वास लागतोय का, छातीत दुखतंय का, सगळं विचारून झालं. काहीच नव्हतं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आणि इकडे औषध दर मिनिटाला विझत चाललेलं. ते साठवून ठेवता येत नाही, लगेच दुसऱ्यांदा टोचता येत नाही, आणि वाहिन्या फुटण्याचे दिवसही कायम राहत नाहीत. आज चित्र आलं नाही तर ते येणारच नाही, हे डॉक्टरीणबाईने मुलाला हळू आवाजात सांगितलं. पण स्पीकरचं बटण चालू राहिलं होतं, त्यामुळे बाईंनीही ऐकलं.

त्यांनी नवऱ्याला बोलवा म्हणून सांगितलं. चष्मेवाले आले, मुलाच्या शेजारी, मशीनच्या खोलीच्या काचेमागे उभे राहिले. त्यांचा धंदाच बघण्याचा. टेबल सरकलं. चादरीखाली, पायाशी, काहीतरी उंदरासारखं टुणकन हललं. टेबल पुन्हा सरकलं, पुन्हा टुणकन. चष्मेवाल्यांनी आधी चष्मा सारखा केला, मग तोंडावर हात ठेवला, आणि मग त्यांना मुलाच्या टेबलाची कड धरावी लागली.

"अहो, ती ब्रेक मारतेय," ते डॉक्टरीणबाईला म्हणाले.

आपण ज्यावर पडलोय ते टेबल पुढे जायला लागलं, चालवणारा कोण ते दिसत नाही, समोर पांढरी भिंत. पायाने त्याला येत होतं ते केलं होतं. आणि पाय दाबला की कंबर उचलते, कंबर उचलली की छाती सरकते, छाती सरकली की चित्र फिसकटतं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. मग टेबल एकदा मुद्दाम हलवलं आणि त्यांनी स्वतःचा पाय रंगेहाथ पकडला.

पट्ट्याने पाय बांधला. गुडघा ब्रेक मारायला लागला. गुडघ्यावर उशी ठेवली, तर पोटऱ्या आवळल्या. दुसरा पाय, ज्याने जन्मात हे काम केलं नव्हतं, तोही मदतीला आला. इथे बाईंना हसू फुटलं. साधं नाही, दाबून ठेवलेल्या सगळ्या महिन्यांचं. त्या हसल्या तसा मुलगा हसला, चष्मेवाले तर आधीपासून काचेला डोकं टेकून हसतच होते, आणि शेवटी डॉक्टरीणबाईने तोंड फिरवलं तेव्हा तिचे खांदे हलत होते. मग तिने डोळे पुसले आणि सांगितलं की हसणाऱ्या छातीचं चित्र निघत नाही, आणि आता एकदाच घेण्याइतकं औषध उरलंय.

बाई पुन्हा उताण्या झाल्या. पट्टा सोडायला त्यांनीच सांगितलं, बांधलेला पाय जास्त भांडतो म्हणून. डोक्यावर हात, समोर पांढरं कडं. आपल्याच पायापायी आपली सीट जाणार, याचा त्यांना संताप आला. त्यांनी पायाला दटावलं. दटावलेला पाय आणखीच ताठ झाला. हे त्यांनी हजार शिकाऊ माणसांच्या बाबतीत पाहिलं होतं. टेबलाखाली मोटर घुरघुरली. आता सरकणार.

स्पीकर खरखरला.

"बाई," मुलगा म्हणाला, "ब्रेक माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त समोर बघा."

बाईंनी समोर पाहिलं. समोर पांढरं प्लास्टिक होतं आणि त्यावर एक बारीक ओरखडा. टेबल सरकलं. पाय अर्ध्यात उठला, आणि हरकत घ्यावी की नाही अशा विचारात तिथेच थांबला. पुढच्या वेळी तो उठलाच नाही. त्यापुढच्या वेळी पावलं आपापल्या बाजूला कलली, गाढ झोपलेल्या माणसाची कलतात तशी. काचेमागे चष्मेवाले गुणगुणायचे थांबले. बाई ओरखड्याकडे बघत पुढे जात राहिल्या. कुणीतरी चालवत होतं, बरं चालवत होतं, आणि त्यांना लहानपणी मागच्या सीटवर आडवं पडून खिडकीतून नुसत्या पळत्या तारा बघताना वाटायचं तसं वाटलं. इतकं फुकटचं सुख इतकी वर्षं आपण घेतलंच नाही, असं मनात आलं आणि पुन्हा हसू यायला लागलं. ते त्यांनी मोठ्या कष्टाने दाबलं.

चित्र आलं. मेलेला तुकडा काळा, अंगठ्याच्या ठशाएवढा. आणि त्याच्या कडेने नारिंगी उजेड. सलग नाही, कुठे दाट, कुठे विरळ, स्वेटरची कड उसवून लोकरीचे धागे बाहेर यावेत तसा. डॉक्टरीणबाईने सांगितलं की प्रत्यक्ष वाहिन्या यात दिसत नाहीत, त्या फार बारीक. जिथे त्या फुटताहेत तिथला हा उजेड.

"पुरेसा आहे का?" बाईंनी विचारलं.

"मला हवा होता त्यापेक्षा कमी," ती म्हणाली. "मला भीती होती त्यापेक्षा पुष्कळ जास्त. पुढच्या आठवड्यात बूट घालून या, चालायला."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. नंबर बदललेला दिसतोय, ते म्हणाले, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतंय.

चालायच्या मशीनवर बाई चालल्या. पट्टा वळण न देताच पुढे नेतो, अशी तक्रार करत चालल्या. पण छाती दुखली नाही आणि कागदावरच्या रेघाही शहाण्यासारख्या वागल्या. डॉक्टरीणबाईने परवानगी दिली, अटींसकट. दिवसाला एकच धडा, गर्दीचा रस्ता नको, आणि शिकाऊ एखादी शांत स्वभावाची बघा. बाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन सेकंडगिअरला फोन केला. शिकणाऱ्यांच्या यादीत हडकुळ्या मुलाचं नाव तिच्यानंतर लागलंय. त्याने घराजवळच्या सगळ्या भिंतींची आगाऊ माहिती दिली आहे.

सेकंडगिअर आली ती नवा ड्रेस शिवून, जणू तिचीच मुलगी उजवायची होती. स्कूलच्या फाटकात चष्मेवाले सहज आल्यासारखे उभे होते आणि गुणगुणत होते. बाई आपल्या सीटवर बसल्या. पायाशी ब्रेक होता, खराखुरा. त्यांनी पाय त्याच्यावर ठेवला, मग उचलून शेजारी जमिनीवर ठेवला, जवळच.

"ब्रेक तुमच्याकडे आहे ना?" सेकंडगिअरने विचारलं.

"तुझ्याकडे पण आहे. चल."

पेट्रोलपंप गेला. चौक गेला. रस्ता रुंद आणि मोकळा झाला, इंजिन ओरडायला लागलं, आणि बाई नुसत्या गिअरच्या दांड्याकडे बघत राहिल्या. सेकंडगिअरने ओठ चावला, क्लच दाबला, डोळे, सुदैवाने, उघडे ठेवले, आणि दांडा ढकलला. गाडीचा आवाज एकदम खाली आला. टाके थांबले. रस्ता कापडाच्या ताग्यासारखा समोर उलगडत गेला, झाडं मागे पळाली, आणि सेकंडगिअर जी हसायला लागली ती थांबेचना. बाईंचा पाय जमिनीवरच होता. त्यांनी मुद्दाम वाकून बघितला. होता.

"बाई, वळण गेलं," ती हसत हसतच ओरडली. "आपलं वळण मागे गेलं."

"गेलं तर गेलं. पुढे गल्ली आहे, तिथून काढ," बाई म्हणाल्या. "आणि हॉर्नवरचा हात काढ."